शाळेतलं प्रात्यक्षिक आणि शाळेतला प्रयोग: फरक नेमका कुठे आहे

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत डिचोली, फोंडा, पेडणे, कुठल्याही तालुक्यातल्या शाळेत जा, टेबलांवर ओळखीची मंडळी भेटतात. बेकिंग सोडा आणि माडाच्या व्हिनेगरने फसफसणारा ज्वालामुखी, सिरिंजवर वरखाली होणारी लिफ्ट, उलट्या ग्लासाखाली विझणारी मेणबत्ती. मुलं घसा कोरडा पडेपर्यंत समजावून सांगत असतात आणि मागच्या चार्टवर मोठ्या अक्षरांत 'आमचा प्रयोग' असं लिहिलेलं असतं. यातली बहुतेक सगळी प्रात्यक्षिकं असतात. प्रात्यक्षिक खालच्या दर्जाचं असतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकाला दुसरं समजून चालल्यामुळे दहावी होईपर्यंत एकही खरा प्रयोग न केलेली मुलं आपल्याकडे ढिगाने आहेत.

प्रात्यक्षिकात उत्तर आधीच ठरलेलं असतं. शिक्षकांना ते माहीत असतं, पुस्तकात छापलेलं असतं, आणि ते मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून सगळी मांडणी केलेली असते. प्रयोगात करणाऱ्याला उत्तर माहीत नसतं. जगाला माहीत असेल, त्याने काही बिघडत नाही, करणाऱ्या मुलाला माहीत नसलं की झालं. आणि याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, मांडणीच अशी केलेली असते की मुलाचा अंदाज चुकीचा असेल तर तो चुकला हे उघड व्हावं.

समोरच्या टेबलावर यातलं काय आहे हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: 'निकाल उलटा आला तर काय करशील?' 'परत करून बघीन, काहीतरी बिघडलं असणार' असं उत्तर आलं तर ते प्रात्यक्षिक. 'तसंच लिहून ठेवीन आणि का आलं ते शोधीन' असं आलं तर प्रयोग. साहित्य, टेबल, मूल, सगळं तेच असूनही उत्तर वेगळं येऊ शकतं.

मेणबत्तीचंच घेऊ, कारण दोन्हींची गल्लत सगळ्यात जास्त तिथेच होते. बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि ग्लासात पाणी चढतं. लगेच अनुमान तयार असतं: ज्योतीने ऑक्सिजन संपवला, हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के, म्हणून पाणी ग्लासाच्या पाचव्या हिश्शापर्यंत आलं. पिढ्यान्‌पिढ्या जर्नलमध्ये हेच उतरवलं गेलं आहे, आणि हे कारण बरोबर नाही. ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. जो वापरला जातो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ येते. पाणी चढतं ते मुख्यतः हवा थंड झाल्यामुळे. ग्लास खाली आणतानाच ज्योतीभोवतीची तापून फुगलेली हवा आत अडकते, ज्योत विझली की ती आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. वाफेचं परत पाणी होतं, त्याचाही थोडा हातभार लागतो.

हे पुस्तकातून सांगण्याची गरज नाही, मुलांनाच शोधता येतं. आधी फक्त नीट बघायला सांगा: पाणी कधी चढतं? ऑक्सिजन हळूहळू संपल्यामुळे चढत असेल तर मेणबत्ती जळत असतानाच पाणी सावकाश वर यायला हवं. प्रत्यक्षात ते जवळजवळ सगळं ज्योत विझायला लागल्यावर, एकदम झपकन चढतं. शिवाय ग्लास टेकवताना कडेखालून हवेचे बुडबुडे सुटताना दिसतात. आत ऑक्सिजन फक्त कमीच होत असेल तर हवा बाहेर का पडावी? आता अंदाज लिहून घ्या. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी तेवढंच चढेल, जास्त चढेल की कमी? ऑक्सिजनचं कारण खरं असेल तर ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच असल्याने पाणी जवळपास तेवढंच चढायला हवं. हवा तापल्याचं कारण खरं असेल तर तीन ज्योतींनी जास्त हवा तापेल आणि पाणी जास्त चढेल. ग्लासाला आलेखाच्या कागदाची पट्टी चिकटवा आणि मोजा. पाणी जास्त चढतं.

पाहा, साहित्यात फक्त दोन मेणबत्त्यांची भर पडली. बदललं ते एवढंच, की मेणबत्त्यांची संख्या आपण मुद्दाम बदलली, पाण्याची उंची मोजली, आणि बाकीचं सगळं कायम ठेवलं: तोच ग्लास, तेवढंच पाणी, सारख्या उंचीच्या मेणबत्त्या, ग्लास खाली आणायचा वेगही शक्य तेवढा सारखा. एकदा करून थांबायचं नाही, प्रत्येक मांडणी निदान पाच वेळा करायची, कारण ग्लास टेकवणारा हात प्रत्येक वेळी सारखा चालत नाही. मुद्दाम बदलायचं ते एक, मोजायचं ते एक, बाकी जागच्या जागी. प्रयोगाचं नियोजन म्हणतात त्याचा गाभा एवढाच आहे आणि सहावीतल्या मुलालाही तो पेलतो.

मग प्रात्यक्षिक कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर गोव्याजवळच आहे. रघुनाथ माशेलकर 1943 साली आपल्या माशेलात जन्मले आणि मुंबईत शिकले. तिथे शाळेत भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला. सूर्याचे किरण एका बिंदूवर आणले की कागद पेटतो आणि विखुरले की पेटत नाही, एवढंच ते प्रात्यक्षिक. त्या एका तासाने आपल्याला विज्ञानाकडे वळवलं असं माशेलकरांनी अनेकदा सांगितलं आहे. तिथे अंदाज, मोजमाप, तुलना असं काही नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. एखादी गोष्ट खरोखर घडते हे पाहून अंगावर रोमांच उभे राहणं, हे प्रात्यक्षिकाचं काम आहे, आणि प्रयोगाला ते तितकं साधत नाही. मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रात मुलं एकेका यंत्रापाशी खिळून राहतात ती त्याच ओढीने. धोक्याच्या गोष्टीही प्रात्यक्षिकानेच दाखवायच्या. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकून काय होतं हे आठवीतल्या मुलांनी स्वतः करून शोधायचं नसतं.

या दोन्हींच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे, आणि दहावी-बारावीच्या प्रॅक्टिकलची बरीचशी जागा त्यानेच व्यापली आहे: पडताळा. लंबकाचा आवर्तकाल (एका आंदोलनाला लागणारा वेळ) मोजायचा, त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं, उत्तर 9.8 च्या आसपास यायला हवं. उपकरण हाताळायला, वाचन घ्यायला, आलेख काढायला शिकवण्यासाठी हे चांगलं आहे. घोटाळा होतो तो 9.8 आधीच माहीत असल्यामुळे. 9.3 आलं की मूल वाचन खोडून 'बरोबर' वाचन लिहितं, आणि त्याला 'सेट करणं' म्हणतात हेही त्याला कोणीतरी वरच्या वर्गातल्याने शिकवलेलं असतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हा मुलांचा खोटेपणा नाही. मार्क आकड्याला आहेत हे त्यांना पक्कं कळलेलं असतं, म्हणून ती तसं करतात. त्याच लंबकाला एक प्रश्न जोडला तर चित्र पालटतं. आवर्तकाल झोका किती मोठा घेतला यावर अवलंबून नाही असं पुस्तक सांगतं. हे कितपत मोठ्या झोक्यापर्यंत खरं आहे? एक मीटरचा लंबक थोडासा हलवून सोडला तर दहा आंदोलनांना सुमारे 20 सेकंद लागतात. 60 अंशांवरून सोडला तर सुमारे दीड सेकंद जास्त लागतो, आणि साध्या स्टॉपवॉचवरही तो पकडता येतो. इथे 'सेट' करायला उत्तरच हाताशी नसतं.

आता आपल्या मातीतला एक प्रयोग पूर्ण आखून पाहू. तिसवाडीच्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, पिकणारं कोरगूट भात खाऱ्या जमिनीत तग धरतं हे तिथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. लाल तांदळाचं, कुसळांचं, उंच वाढणारं हे भात. बांध फुटून किंवा मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, खारं पाणी शेतात आलं तरी ते हातचं सगळं जात नाही. प्रदर्शनात यावर सहसा खाजनाचं थर्माकोलचं मॉडेल येतं: बांध, मानस, निळ्या रंगाची खाडी. मॉडेल सुरेख असतं, पण त्यातून आधी माहीत नव्हतं असं काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रश्न असा धरा: वाढत्या खारेपणात कोरगूट आणि ज्योती नावाचा भाताचा दुसरा वाण यांच्या रुजण्यात किती फरक पडतो?

चार प्रकारचं पाणी घ्या: साधं, आणि लिटरला 4, 8 व 12 ग्रॅम मीठ घातलेलं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे सगळ्यात खारं पाणी समुद्राच्या साधारण एक तृतीयांश झालं. मीठ प्रयोगशाळेतलं शुद्ध सोडियम क्लोराइड असेल तर उत्तम, नाहीतर सगळ्यांसाठी एकाच पुड्यातलं. आगराच्या मिठात ओल असते आणि मॅग्नेशियमचे क्षारही असतात, त्यामुळे त्याचं वजन फसवं ठरतं. झाकणाच्या लहान डब्यांत टिपकागद घाला, प्रत्येक डब्यात 25 दाणे आणि मोजून तेवढंच पाणी. दोन वाण, चार पाणी, प्रत्येकी तीन डबे, म्हणजे 24 डबे आणि 600 दाणे. वजनाने ते पंधरा-सोळा ग्रॅमच भरतात.

झाकण विसरू नका, सगळा प्रयोग त्यावर उभा आहे. उघड्या डब्यातलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि चौथ्या दिवशी 8 ग्रॅमचा डबा नकळत 12 ग्रॅमचा होऊन बसतो. पंख्याखालचे डबे तर आणखी लवकर. कोरगूटचे सगळे डबे खिडकीपाशी आणि ज्योतीचे कपाटात असंही चालणार नाही, नाहीतर शेवटी आपण वाण मोजले की ऊन, हेच कळायचं नाही. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा.

'रुजला' म्हणजे काय हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ मूळ 2 मिलिमीटर बाहेर आलं तर रुजला. सातव्या दिवशी ठरवायला बसलात तर आवडत्या वाणाला झुकतं माप मिळतंच. मोजणाऱ्या मुलाला डब्यावर फक्त क्रमांक दिसावा, कुठल्या क्रमांकात किती मीठ हे दुसऱ्याच्या वहीत असावं. कुसळांमुळे वाण ओळखू येणार, ते लपवता येत नाही, पण खारेपणा लपवता येतो.

साध्या पाण्याचे डबे मुलांना बिनकामाचे वाटतात. 'त्यात तर सगळेच रुजणार, टीचर,' असं एक मूल हमखास म्हणतं. पण रुजले नाहीत तर? बियाणं जुनं असेल, किंवा नुकतंच कापलेलं भात अजून सुप्तावस्थेत असेल, तर साध्या पाण्यातही 25 पैकी 15 च रुजतील. मग खाऱ्या पाण्यात 13 रुजले याचा दोष मिठाला देता येत नाही. ते डबे नसतील तर बाकीच्या आकड्यांना टेकू उरत नाही. दोन्ही वाणांचं बियाणं एकाच हंगामाचं हवं, तेही याचसाठी.

निकाल वाचतानाही घाई नको. एकाच पाण्याच्या तीन डब्यांत कोरगूटचे 24, 19 आणि 22 दाणे रुजले आणि ज्योतीचे 23, 20 आणि 21, तर सरासरीत फरक दिसतो खरा, पण डब्याडब्यांतला फरक त्याहून मोठा आहे. तेव्हा 'या पाण्यात फरक दिसला नाही' एवढंच लिहायचं. ते अपयश नाही, तो निष्कर्षच आहे. तसं होण्याची शक्यताही बरीच आहे, कारण भाताचं बी रुजताना मीठ बऱ्यापैकी सोसतं, त्याला खरा त्रास होतो तो कोवळ्या रोपाला आणि पुढे फुलोऱ्यात. म्हणून दाणे मोजून झाल्यावर डबे फेकू नका. दहाव्या दिवशी कोंबांची लांबी मोजा, वाणांतला फरक असेल तर तो तिथे दिसण्याची आशा जास्त. आणि डब्यातल्या या निकालावरून 'कोरगूट खाजनात चांगलं पिकतं हे सिद्ध झालं' असं चार्टवर लिहायचं नाही. डब्यात बांध नाही, चिखल नाही, भरती-ओहोटी नाही. जेवढं मोजलं तेवढंच लिहायचं.

पेपर तपासणाऱ्यांना आणि प्रदर्शनाच्या परीक्षकांना एक विनंती आहे. वहीत अंदाज निकालाच्या आधीच्या तारखेला लिहिला आहे का ते बघा. खोडलेलं वाचन वाचता येईल असं एका रेघेने खोडलं आहे का, आणि ते का खोडलं हे बाजूला लिहिलं आहे का, ते बघा. अंदाज चुकलेल्या मुलाला अंदाज बरोबर आलेल्या मुलाइतकेच मार्क द्या. ज्योती आणि कोरगूट यांत काहीच फरक सापडला नाही असं सांगणारी वही टेबलावर आली, तर तिच्याशी थर्माकोलच्या खाजनापेक्षा पाच मिनिटं जास्त बोला. झाकणं कशी लावली होती, ते आधी विचारा.