वाचा गेली म्हणजे समज गेली का?

"पक्षाघातानंतर बोलता येत नसेल, तर माणसाला काही कळतही नाही," असं घरोघरी ऐकू येतं. समोरून उत्तरच येत नाही, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण ते खरं नाही.

बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते. उजव्या अंगाची हालचालही तोच भाग सांभाळतो, म्हणून उजवा हात लुळा पडतो तेव्हा अनेकदा वाचाही जाते. याला वाचाघात म्हणतात. शब्द सापडत नाहीत. माणसं, नाती, घरातल्या गोष्टी मात्र बऱ्याचदा नीट ओळखता येतात. चहा हवा असताना तोंडून "छत्री" निघतं, आणि चुकलं हे कळून डोळ्यांत पाणी येतं.

पडताळायचं कसं? पेन दाखवून विचारा, "हा चमचा आहे का?" मग घड्याळ, मग वाटी. हो-नाहीची गफलत होते, म्हणून एकाच उत्तरावर जाऊ नका. वेळ द्या. काहींना ऐकलेलं समजायलाही जड जातं. तिथे छोटी वाक्यं, खुणा, चित्रं उपयोगी पडतात. एरवी एक शब्द न फुटणारा माणूस कधीकधी पाठ असलेली आरती सुरात म्हणतो! स्पीच थेरपी लवकर सुरू करा. आणि खाटेपाशी उभं राहून, ते तिथे नसल्यासारखं त्यांच्याबद्दल बोलू नका.