डोमिसाइलच्या अर्जासाठी कागदांची पीडीएफ घरीच करा: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी माहिती

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाण्यात आणि नवी मुंबईत सेवा केंद्रांपुढे गर्दी उसळते. त्यातल्या अनेकांची पात्रता पक्की असते, कागदही जवळ असतात. अडतं ते कागदांच्या फोटोंवर. एक आडवा, एक उभा, एकावर हाताची सावली, एकात शिक्का अर्धाच. अर्ज त्रुटीत निघतो आणि तोवर प्रवेशाची तारीख तोंडावर येते. म्हणून इथे पात्रता थोडक्यात आणि पीडीएफ सविस्तर सांगते.

वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, म्हणजेच डोमिसाइल, मिळवायला महाराष्ट्रात सलग 15 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर करायचा. ओळखीचा एक पुरावा, पत्त्याचा एक, वयासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, वास्तव्याचे पुरावे आणि स्वयंघोषणापत्र असे कागद लागतात. 2015 पासून अशा दाखल्यांना प्रतिज्ञापत्राची गरज राहिलेली नाही, त्यामुळे कुणी स्टॅम्पपेपर घ्यायला सांगितलं तर आधी पोर्टलवरची यादी वाचा.

तालुका निवडताना नवी मुंबईकरांनी जपून. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्हा, ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात.

आता फोटो. कागद खिडकीजवळ, गडद रंगाच्या टेबलावर किंवा चादरीवर सपाट ठेवा आणि फ्लॅश बंद करा. लॅमिनेट केलेल्या दाखल्यावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ उमटते आणि नेमकी जन्मतारखेवर येते. तो दाखला दिवसाच्या उजेडातच घ्या. काढलेला फोटो बोटांनी मोठा करून तीन गोष्टी वाचून बघा: नाव, तारीख आणि गोल शिक्क्यातली अक्षरं. तुम्हाला वाचता येत नसतील तर तहसील कार्यालयातल्या माणसालाही येणार नाहीत. रेशन कार्डाचं नुसतं पहिलं पान पुरत नाही, नावांचं पानही हवं. आधारच्या दोन्ही बाजू एकाच फाइलमध्ये द्या.

अँड्रॉइड फोन असेल तर गूगल ड्राइव्ह उघडा, अधिकचं चिन्ह दाबा आणि 'स्कॅन' निवडा. कडा आपोआप कापल्या जातात, पुढची पानं जोडता येतात आणि पीडीएफ थेट ड्राइव्हमध्ये जमा होते. फोटो आधीच काढलेले असतील तर ते उघडून 'प्रिंट'वर जा, प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' घ्या आणि कागदाचा आकार ए-फोर ठेवा.

आयफोनवर नोट्स किंवा फाइल्स ॲपमध्ये 'स्कॅन डॉक्युमेंट्स' आहे, वेगळं ॲप लागत नाही. जुने फोटो फाइल्समध्ये साठवा, सगळे निवडा आणि 'क्रिएट पीडीएफ' करा. आयफोन फोटो बहुतेक वेळा एचईआयसी प्रकारात ठेवतो आणि तो प्रकार सरकारी पोर्टलवर सहसा चालत नाही, म्हणून मूळ फोटो चढवण्यापेक्षा पीडीएफच करावी.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर फोटो निवडून राइट क्लिक, मग 'प्रिंट', मग 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'. तिथली 'फिट पिक्चर टू फ्रेम'ची खूण काढा, नाहीतर कागदाच्या कडा कापल्या जातात. मॅकवर सगळे फोटो प्रिव्ह्यूमध्ये एकत्र उघडून क्रम लावा आणि प्रिंटमधून पीडीएफ म्हणून सेव्ह करा. फाइलच्या नावापुढचं जेपीजी खोडून पीडीएफ लिहिल्याने काहीच होत नाही. फाइल आतून फोटोच राहते.

खरी कसरत असते आकाराची. मोबाइलचा एक फोटो सहज 3-4 एमबीचा होतो आणि 'आपले सरकार'वर कागदांना साधारण 75 ते 500 केबी अशी चौकट असते. अपलोडच्या बटणाजवळ जो आकडा दिसेल तोच धरा. किमान मर्यादाही पाळावी लागते, फार दाबलेली फाइलही पोर्टल घेत नाही. पीडीएफ करण्याआधी फोटोची रुंदी साधारण 1240 पिक्सेलवर आणा. ए-फोर कागदाला 150 डीपीआयने (म्हणजे इंचाला 150 ठिपके) तेवढीच लागते आणि अक्षर वाचनीय राहतं. रंग काढायचे तर करड्या छटेत काढा. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात जांभळा शिक्का पुसट होऊन जातो. पासपोर्ट फोटोची पीडीएफ करू नका, तो वेगळा, जेपीईजीमध्येच मागतात.

आकार कमी करायला ऑनलाइन वेबसाइटवर आधार चढवणं मला मुळीच पटत नाही. आपला कागद कुणाच्या सर्व्हरवर किती दिवस राहील ते आपल्या हातात नसतं आणि हे काम फोनमध्येच होतं. झेरॉक्सच्या दुकानात फाइल दिली असेल तर निघण्यापूर्वी ती समोर डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा, फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो.

डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो: इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. ती फाइल तशीच चढवली तर तपासणाऱ्याला उघडत नाही. पासवर्ड टाकून उघडा आणि नवी प्रत सेव्ह करून ती द्या. डिजिलॉकरमधला कागद मात्र आहे तसाच चढवा. त्याची छापील प्रत काढून पुन्हा फोटो घेतला तर डिजिटल सही निघून जाते.

अर्ज भरला की पावतीवरचा क्रमांक जपून ठेवा. सेवा हक्क कायदा, 2015 नुसार हा दाखला देण्याची मुदत 15 दिवसांची आहे. नाकारला गेला तर लेखी कारण मिळायला हवं, आणि मुदत उलटली किंवा कारण पटलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. अपिलाला जोडायला त्याच पीडीएफ पुन्हा लागतात, तेव्हा प्रवेश होईपर्यंत त्या फोनमधून काढू नका.