दरबारी डावासाठी बार्ड बनवताय? आधी हे वाचा

रोवणी आटोपली की वडशात आमच्या दुकानात कॅरेक्टर शीटच्या झेरॉक्स काढायला पोट्टे येऊ लागतात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "भाऊ, राजकारणाच्या डावासाठी बार्ड कसा बनवू?" काउंटरवर तेच सांगत बसलो की मागे लॅमिनेशनवाले खोळंबतात, म्हणून हा कागद. बार्ड म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रे घेऊन फाशांवर खेळायच्या खेळातला, गाण्या-बोलण्यातून जादू करणारा गडी. हा खेळ तुम्ही थोडेफार खेळलेले आहात असे धरून लिहितो. आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांचे आहेत, आमच्या टेबलावर तेच चालतात. २०२४चे पुस्तक वापरत असाल तर आधी सांगा, त्यात बरेच बदलले आहे.

आकडे

पात्राच्या सहा गुणांवर वाटायच्या २७ पॉइंटांत हाफ-एल्फ हा वंश सर्वांत सोपा जातो. करिश्मा १५ घ्या, वंशाचे २ मिळून १७ होतो. विस्डम १३ घेऊन वंशाचा एक पॉइंट तिकडे द्या, म्हणजे १४. डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १२ आणि वंशाचा उरलेला एक तिकडे, म्हणजे १३, इंटेलिजन्स १०, स्ट्रेंग्थ ८. चौथ्या पातळीला 'ॲक्टर' ही खास करामत घेतली की करिश्मा १८ होतो, शिवाय मिनिटभर ऐकलेल्या माणसाचा आवाज काढता येतो. विस्डम कशाला, असे सगळेच विचारतात. इनसाइटसाठी, म्हणजे समोरच्याचे मन ओळखण्याच्या कौशल्यासाठी. पुढे कळेल.

वेळ खाणारी चूक

पहिल्या पातळीला चार स्पेल, म्हणजे जादूचे प्रयोग, मिळतात आणि त्यात समोरच्याला भुलवणारा 'चार्म पर्सन' घेतल्याशिवाय कोणी राहत नाही. घ्या, हरकत नाही. पण मग भर दरबारात, राजा बसलेला, पहारेकरी उभे, आणि खेळाडू म्हणतो, "मी प्रधानावर चार्म टाकतो." अरे बाप्पा! त्या स्पेलला तोंडाने मंत्र म्हणावा लागतो, हातवारे करावे लागतात. तिथल्या सगळ्यांना डोळे-कान आहेत. लागलाच, तरी तासाभराने उतरतो, आणि उतरला की आपल्यावर कोणी जादू केली हे प्रधानाला कळते. 'फ्रेंड्स' या तसल्याच स्पेलला मंत्र लागत नाही, पण त्याचे मिनिट संपले की समोरचा थेट वैरी होतो. ग्रामसभेत सगळ्यांदेखत सरपंचाच्या खिशात नोटा कोंबण्यासारखे आहे हे. काम होत नाही आणि बोभाटा मात्र होतो.

त्यानंतर "पण त्यांना दिसलंच कसं?" हा वाद सुरू होतो. बाकीचे खेळाडू चहा पीत बसतात आणि त्या दिवसाचा डाव तिथेच राहतो. टेबलाचे भाडे तासावर असते, तेव्हा हा वाद तुमच्याच खिशातून चालतो.

मोहिनी टाकायचीच तर एकांतात टाका, आणि ज्याचे तोंड पुन्हा बघावे लागणार नाही अशा माणसावर टाका. दरबारासाठी दुसरी स्पेल आहेत. 'डिस्गाइज सेल्फ' तासभर टिकते, वेश बाहेरूनच बदलून या. दुसऱ्या दर्जाचे 'डिटेक्ट थॉट्स' दाराआड टाकून आत शिरा. मिनिटभरच चालते, पण वरवरचे विचार वाचले तर समोरच्याला पत्ता लागत नाही, खोल शिरलात तर लागतो. 'झोन ऑफ ट्रुथ' मात्र खुशाल उघड टाका. त्यात सापडलेल्याला खोटे बोलता येत नाही, पण गप्प राहता येते, गोलगोल बोलता येते. माझ्या मते त्याचा खरा फायदा वेगळाच आहे: आत पाय टाकायला कोण कां-कू करतो ते दिसते.

पर्स्युएशन म्हणजे वशीकरण नव्हे

पर्स्युएशन म्हणजे बोलून मन वळवण्याचे कौशल्य. ते कोणावर किती चालते याचा डाव चालवणाऱ्याच्या २०१४च्या पुस्तकात तक्ताच आहे. वैर धरलेला माणूस फासा आणि कौशल्य मिळून २० आले तरी फार तर एवढेच करतो, की स्वतःला झळ न लागता जमेल ते काम करून देतो. त्याच २० वर मित्र मोठी जोखीम घेतो. म्हणजे आधी माणूस जवळ आणायचा आणि मग मागायचे. त्याला कशाची ओढ आहे, कशाची भीती आहे, हे बोलता बोलता ओळखायला इनसाइट लागते. म्हणून विस्डम १४.

तिसऱ्या पातळीला दोन कौशल्यांत एक्सपर्टीज मिळते, म्हणजे त्यांतला प्रावीण्याचा बोनस दुप्पट होतो. एक पर्स्युएशनला द्या, दुसरी डिसेप्शनला (थापा मारण्याला) नको, इनसाइटला द्या. आणि बार्डिक इन्स्पिरेशन फक्त लढाईसाठी साठवून ठेवू नका. ज्या मित्राची राणीशी जुनी ओळख आहे त्याला बोलू द्या आणि तुमचा इन्स्पिरेशनचा डी-६, म्हणजे त्याच्या फाशात भर घालणारा सहा बाजूंचा फासा, त्याला द्या.

कॉलेज, म्हणजे बार्डचा पंथ, कोणते? २०२०च्या पुरवणीतले 'एलोक्वेन्स' सर्वांत भरवशाचे. त्यात पर्स्युएशन किंवा डिसेप्शनला फाशावर ९ किंवा कमी आले तर १० धरतात. करिश्मा १७चे ३ आणि एक्सपर्टीजचे ४ मिळून तिसऱ्या पातळीला पर्स्युएशन १७च्या खाली जातच नाही. मला स्वतःला 'लोर' आवडते: तीन कौशल्ये जास्त, शिवाय 'कटिंग वर्ड्स'ने खोटे बोलणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या फाशातून वजा करता येते. 'व्हिस्पर्स' घेणाऱ्यांनी एकांतात बोलायची सवय ठेवावी, त्याचे काम तिथेच चालते.

आमची पद्धत

आमच्याकडे "पर्स्युएशन फेकू का?" चालत नाही. आधी कोणाला काय सांगता ते बोला, मग फासा. यावरून काही जण रुसतात, लाजऱ्या पोरांवर अन्याय होतो म्हणतात. वडसा नाटकवाल्यांचे गाव, म्हणून आम्ही अभिनय मागतो असाही समज आहे. अभिनय नको. "मी त्याला त्याच्या भावाच्या कर्जाची आठवण करून देतो" एवढे वाक्य पुरे. त्यावरूनच आकडा १० ठेवायचा की २० हे ठरवता येते.

मंत्र, हातवारे आणि वस्तू यांपैकी काय लागते ते तीन रंगांत दाखवणारी बार्डची स्पेल-कार्डे आम्ही लॅमिनेट करून देतो. ती हातात असली की वरचा वाद निम्मा मिटतो. टेबल घेणाऱ्यांना फाशांचा संच फुकट वापरायला मिळतो. बार्ड तपासून हवा असेल तर डावाच्या आदल्या दिवशी या, डाव सुरू झाल्यावर नको. दिवाळीनंतर गावोगावची मंडई (जत्रा) सुरू झाली की नाटकांच्या पोस्टरांचे काम असते, तेव्हा टेबल बंद राहते. शीट पेन्सिलने भरून आणा.