सर कमी झाले की बाई वाढल्या?

आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड फिरत होता. माध्यमिक शाळांतले पुरुष शिक्षक संपत चाललेत, याच वेगाने गेलं तर अमुक साली शेवटचा सर निवृत्त होईल, असा मजकूर. कुणीतरी त्याखाली आमच्या शाळेचा १९८८ चा स्टाफ फोटो टाकला. पुढच्या खुर्च्यांवर ओळीने सर, कडेला पदर सावरून उभ्या चार बाई. त्याच्याखाली यंदाचा फोटो, त्यात निम्म्याहून जास्त बाई. पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंतच्या सगळ्या मित्रांनी लगेच हळहळ व्यक्त केली. मला मात्र त्या 'अमुक साला'ने अस्वस्थ केलं, कारण हे गणितच चुकलेलं आहे.

आधी खरे आकडे बघू. देशातल्या शाळांची माहिती केंद्र सरकारच्या 'यूडायस प्लस' या नोंदणीत दरवर्षी गोळा होते. बालवाडीपासून बारावीपर्यंत धरून २०१४-१५ मध्ये पुरुष शिक्षक ४५.४६ लाख होते आणि शिक्षिका ४०.१६ लाख. २०२४-२५ मध्ये पुरुष ४६.४१ लाख आणि शिक्षिका ५४.८१ लाख. म्हणजे दहा वर्षांत पुरुष घटले नाहीत, उलट सुमारे ९५ हजारांनी वाढले. शिक्षिका साडेचौदा लाखांहून जास्त वाढल्या, म्हणून पुरुषांचा वाटा ५३ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आला. संख्या आणि टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातमीच्या मथळ्यात त्या हमखास एकमेकींत मिसळतात. शिवाय जसजसं वरच्या वर्गांकडे जावं तसतसं पुरुषांचं प्रमाण वाढत जातं. माध्यमिकची गोष्ट बालवाडीच्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

आता मला मनापासून आवडणाऱ्या भागाकडे येतो. नाशिककरांना साठा, आवक आणि विसर्ग हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. पावसाळ्यात गंगापूर धरणाचे आकडे आपण रोज वाचतो आणि विसर्ग वाढला की दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढलं ते बघायला गोदाघाटावर जातो. शाळेचा स्टाफ हा असाच साठा आहे. नवी नेमणूक ही आवक, निवृत्ती हा विसर्ग. फरक एवढाच की इथे आज आत आलेला थेंब तब्बल ३३ वर्षांनी बाहेर पडतो, कारण पंचविशीत लागलेला शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो.

एक काल्पनिक संस्था घेऊ. शिक्षक ९९, दरवर्षी तिघे निवृत्त आणि तिघांची भरती. आजवर भरतीत दोन पुरुष, एक बाई असं प्रमाण राहिलं, म्हणून साठ्यात ६६ सर आणि ३३ बाई. यंदापासून भरती उलटी झाली, एक पुरुष आणि दोन बाई. पण निवृत्त होणारे जुन्या प्रमाणातलेच, दोन सर आणि एक बाई. म्हणजे दरवर्षी एक सर कमी. दहा वर्षांनी ५६ सर उरतील. भरतीतला बदल एका दिवसात झाला, तरी तो साठ्यात पूर्ण उतरायला ३३ वर्षं लागतात. आज स्टाफरूममध्ये जे दिसतं त्याची सुरुवात तीन दशकांपूर्वीच्या नेमणूकपत्रांत झालेली असते.

फॉरवर्ड लिहिणारा दहाव्या वर्षी पट्टी घेऊन बसतो. ५६ उरले, दरवर्षी एक जातो, तर ५६ वर्षांनी शून्य! पण ३३ व्या वर्षी विसर्गही नव्या प्रमाणातला होतो, एक सर आणि दोन बाई. घट तिथेच थांबते, ३३ सरांवर. रेषा सरळ ओढत नेऊन भविष्य सांगणं आणि पत्रिका मांडून ते सांगणं यात मला फरक दिसत नाही.

यातला सगळ्यात चकवणारा भाग भरती बंद होते तेव्हा घडतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली आणि पुढे २०१७ मध्ये भरतीसाठीचं 'पवित्र' हे ऑनलाइन पोर्टल सुरू झालं. आपल्या काल्पनिक संस्थेत वरच्या दहा वर्षांनंतर भरती दहा वर्षं थांबली असं धरा. ५६ सर आणि ४३ बाई यांतून २० सर आणि १० बाई निवृत्त होतील. उरले ३६ आणि ३३. सरांचा वाटा ५७ वरून ५२ टक्के झाला, आणि या काळात एकही बाई नव्याने लागलेली नाही! वयाने मोठ्या फळीत पुरुष जास्त असले की नुसत्या निवृत्तीनेही टक्का घसरतो.

मग आवक का बदलली? मुलींचं शिक्षण वाढलं, हे तर उघडच आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत, आरक्षण आहे. शिक्षणसेवक योजनेत पहिली तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात. माध्यमिकला ते आता महिना १८ हजार आहे, आणि घर चालवायचं दडपण असलेला मुलगा तेवढ्यावर थांबत नाही, असं माझं निरीक्षण आहे. 'बाईंचा स्वभावच शिकवण्याचा' किंवा 'गणित सरांनीच शिकवावं' या समजुतींना मात्र शरीरशास्त्रात काही आधार नाही. शिस्त बिघडली ती सर कमी झाले म्हणून, हेही तसंच. दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही.

विसर्गाची तारीखही आपल्याकडे ठरलेली असते. पूर्वी मुलाची जन्मतारीख घरात कुणाला आठवत नसली की गुरुजी दाखल्यावर १ जून लिहून टाकत. ज्याचा जन्म १ तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे म्हणजे निरोपसमारंभांचा दिवस.

आमच्या शाळेतून यंदा ३१ मेला दोन सर आणि एक बाई निवृत्त झाल्या. जूनमध्ये सहज डोकावलो, तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फळ्यावर तिन्ही नावांपुढे खडूने 'रिक्त' असं लिहिलेलं होतं.