गच्चीवर नेलं की पडतं, म्हणजे हेलिकॉप्टर डुप्लिकेट नाही!

छोटं रिमोटचं हेलिकॉप्टर घरात मस्त उडतं आणि गच्चीवर उन्हात नेलं की धाडकन खाली येतं, मग लोक म्हणतात स्वस्तातला माल, दोन दिवसात गेला. हे गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि खरंच वाईट वाटतं, कारण चांगलं चालणारं हेलिकॉप्टर माळ्यावर जाऊन पडतं.

अहो, सायमा एस१०७ सारख्या बऱ्याच छोट्या मॉडेल्सचा रिमोट रेडिओचा नसतोच, तो इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा असतो, आपल्या टीव्हीच्या रिमोटसारखा. उन्हात इन्फ्रारेड इतकं असतं की रिमोटचा सिग्नल त्यात बुडून जातो. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून रिमोटच्या पुढच्या टोकाकडे बघा, बऱ्याच फोनवर जांभळट लुकलुक दिसते, तोच सिग्नल. त्यात वजन नखभर, म्हणजे वाऱ्याची झुळूकही पुरते.

हॉलमध्ये पंखा बंद करून उडवा. हेलिकॉप्टरचे एकावर एक असलेले दोन पंखे उलटसुलट फिरतात, म्हणून ते स्वतःभोवती गरगरत नाही, आणि थोडं फिरलंच तर रिमोटवरचं ट्रिमचं बटण हळूहळू फिरवायचं. बॅटरी सात-आठ मिनिटंच टिकते, तोही बिघाड नाही.

बाहेरच उडवायचंय? मग २.४ गिगाहर्ट्झवालं, म्हणजे रेडिओच्या रिमोटचं घ्या, आणि वारा पडला की सकाळी लवकर न्या.