उघड्या अस्थिभंगावरील टप्प्याटप्प्याची शस्त्रक्रिया आणि तिच्यातील गुंतागुंत

मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर येते किंवा जखम थेट हाडापर्यंत पोचते, तेव्हा त्याला उघडा अस्थिभंग म्हणतात. नडगीच्या पुढच्या बाजूस कातडीखेरीज फारसे आवरण नसल्यामुळे लांब हाडांपैकी हे हाड अशा रीतीने वारंवार उघडे पडते. मुंबईत रेल्वेमार्गावरचे आणि दुचाकीचे अपघात झालेले असे रुग्ण केईएम, शीव, जे. जे. यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत येतात.

गुस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ मध्ये केलेले आणि गुस्टिलो व इतर सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सुधारलेले वर्गीकरण आजही सर्वत्र वापरले जाते. त्यात जखमेच्या वाढत्या तीव्रतेनुसार तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात जंतुसंसर्ग साधारण २ टक्क्यांपर्यंत राहतो, तर तिसऱ्यात तो १० ते ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून तिसऱ्या प्रकारात बहुधा सगळे एका बैठकीत उरकत नाहीत. आधी प्रतिजैविके देऊन मेलेले मांस आणि हाड काढतात व बाहेरून फिक्सेटर (हाडात घातलेल्या पिनांना बाहेरून जोडलेला सांगाडा) लावतात, नंतर जखम फ्लॅपने (रक्तवाहिनीसह हलवलेल्या कातडी-स्नायूच्या तुकड्याने) झाकतात आणि शेवटी हाडाच्या पोकळीत कायमचा रॉड, प्लेट किंवा हाडाचे रोपण करतात.

पहिल्या टप्प्यातील सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अपुरी सफाई. रक्तपुरवठा तुटलेला हाडाचा तुकडा ठेवून देण्याचा मोह होतो, कारण तो काढला की पोकळी पडते. पण तोच तुकडा पुढे जंतूंचे घर होतो. जखम उघडी असली म्हणजे स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढणार नाही, हा समजही घातक आहे. असा दाब वाढणे, म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोम, उघड्या अस्थिभंगातही होतो आणि काही तासांत स्नायू मरतात.

खरा धोका मात्र दोन टप्प्यांच्या मधल्या दिवसांत असतो. उघड्या जखमेत नंतर सापडणारे जंतू पुष्कळदा रस्त्यावरच्या मातीतले नसून रुग्णालयातले असतात, त्यामुळे फ्लॅपला होणारा प्रत्येक दिवसाचा उशीर महत्त्वाचा ठरतो. सूक्ष्मशल्यचिकित्सक गोदिना यांनी १९८६ मध्येच ७२ तासांच्या आतल्या झाकणीचा फायदा दाखवला होता. पालघर किंवा रायगडकडून फिक्सेटर लावून मुंबईत पाठवलेल्या रुग्णाच्या पिना नेमक्या फ्लॅपच्या जागेतून गेलेल्या असल्या, तर त्या काढून पुन्हा बसवाव्या लागतात. फिक्सेटर काढून रॉड टाकणे साधारण दोन आठवड्यांच्या आत सुरक्षित मानले जाते. पिनेच्या भोकातून पू येत असताना रॉड टाकला, तर तो संसर्ग हाडाच्या पोकळीत लांबवर पसरतो. फ्लॅपची रक्तवाहिनी गुठळीने बंद होण्याची भीती पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते. म्हणून त्याचा रंग आणि ऊब वारंवार पाहतात, आणि शंका येताच रुग्णाला पुन्हा ऑपरेशन थिएटरात नेतात.

हाडाची पोकळी भरण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. मास्कले पद्धतीत सिमेंटचा ठोकळा ठेवून सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती पडदा तयार होऊ देतात आणि मग त्यात रुग्णाच्याच कमरेचे हाड भरतात. आत संसर्ग उरला असेल तर हे रोपण विरघळून जाते. इलिझारोव्ह पद्धतीत पायाभोवती तारांनी हाडाला जोडलेली रिंग बसवतात आणि हाड कापून दिवसाला १ मिलिमीटर, तेही चार हिश्शांत, सरकवतात. ६ सेंटिमीटरची पोकळी ओलांडायलाच दोन महिने लागतात आणि नवे हाड पक्के होईपर्यंत रिंग आणखी कित्येक महिने पायावर राहते. तारांच्या जागी संसर्ग, घोटा खाली वळून आखडणे आणि सरकवलेले हाड जिथे टेकते तिथेच ते न जुळणे, या तिन्ही गोष्टी तेव्हा संभवतात. चाळीतल्या सामाईक शौचालयापर्यंत रिंग घेऊन जाणाऱ्या माणसाला रोजची ड्रेसिंग आणि घोट्याचा व्यायाम सांभाळणे किती कठीण जाते, याचा विचार पद्धत निवडतानाच व्हायला हवा. तो बहुतेकदा डिस्चार्जच्या दिवशी होतो.

पाय वाचवावा की कापावा, या निर्णयासाठी कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलची, दुखापत जितकी गंभीर तितके जास्त गुण देणारी गुणपद्धती उपयोगी पडते. तिच्यात १४ व त्याखालील गुणांना पाय वाचवण्याचा आणि १७ व त्यावरील गुणांना तो कापण्याचा कल असतो. मधल्या १५ आणि १६ गुणांवर निर्णय अनुभवी शल्यचिकित्सकाने रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, पुढच्या सगळ्या ऑपरेशनांची कल्पना देऊन घ्यायचा असतो.