गिरगाव-गिरणगावातील शेजार: पार्श्वभूमी

दक्षिण आणि मध्य मुंबईतील जुन्या चाळींच्या जागी आता बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत आणि त्यांत राहायला गेलेल्या कुटुंबांपुढे शेजार नव्याने जुळवण्याचा प्रश्न आहे. चाळीतला जिव्हाळा हा जुन्या माणसांचा स्वभावगुणच होता, असे या संदर्भात सहज म्हटले जाते. इतिहास पाहिला तर हे पुरते खरे वाटत नाही. तो शेजार जागेच्या अडचणीतून सुरू झाला, भाडे नियंत्रणाच्या कायद्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या टिकला आणि या सगळ्या काळात कोणी ना कोणी पदरमोड करून, वेळ देऊन तो चालवत राहिले, म्हणून तो आपल्याला आज आठवतो.

ताडदेव येथे १८५६ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून हजारो पुरुष एकटेच मुंबईत आले. कुटुंब गावीच असे. एकाच गावचे पंधरा-वीस जण मिळून एक खोली घेत, पाळ्यांप्रमाणे तिथे झोपत आणि प्रत्येकाची ट्रंक भिंतीकडेला असे. अशा खोल्या चालवणारी गावकरी मंडळे ही माझ्या मते गिरणगावातील शेजाराची खरी पायाभरणी होय. कारण नव्याने आलेल्या मुलाला पथारी टाकायला जागा, गिरणीतल्या मुकादमाशी ओळख आणि आजारपणात आधार या गोष्टी त्याला तिथेच मिळत. जेवणाची सोय खानावळींत होती. त्या बहुतेक गिरणी कामगारांच्या घरातील स्त्रिया आपल्या राहत्या खोलीतच चालवत आणि त्यांच्या कष्टांना संघटित रूप मिळाले ते फार उशिरा, १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा.

घरे बांधण्याकडे सरकारचे लक्ष गेले ते १८९६ च्या प्लेगनंतर. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास विभागाने, म्हणजे ‘बीडीडी’ने, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक, अशी त्यांची रचना होती. एवढ्याशा खोलीत संसार मावत नसल्याने तो बाहेरच्या मोकळ्या जागेत येई: मुलांचा अभ्यास, पुरुषांचे झोपणे आणि पाण्याच्या वेळेला नळावर होणारी भांडणेसुद्धा. भांडणाचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच नळावर जायचे असल्याने ते मिटवावेच लागे.

गिरगावात वस्ती काहीशी वेगळी होती. तिथे कारकून, शिक्षक, छापखान्यांतले आणि पेढ्यांवरचे नोकरदार सहकुटुंब राहत. तिथल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती आणि त्या काळातल्या सार्वजनिक उत्सवाला हीदेखील पार्श्वभूमी होती, हे विसरता येत नाही. चाळीपुरते पाहिले तर उत्सवाने जे काम केले ते मुख्यतः वर्गणीच्या निमित्ताने. वर्षातून एकदा मंडळाची मुले प्रत्येक दारावर जात, त्यामुळे कोणाकडे आजारी माणूस आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाकडे नवी सून आली हे सर्वांना कळे. व्याख्याने, मेळे, नाटके यांची तयारी महिनाभर चाले आणि त्यात एरवी न बोलणारी घरेही ओढली जात.

या आपलेपणाला जातीची कुंपणे होती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अनेक चाळी जातीनुसार किंवा प्रांतानुसार वसल्या होत्या आणि अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांना तिथे खोली मिळत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत सुमारे दोन दशके राहिले. दलित कामगारांच्या अशा चाळींतही वाचन, सभा, भजन आणि संघटना यांचा स्वतंत्र शेजार घडला. त्याची नोंद चाळीच्या आठवणींत फार कमी येते आणि ही मोठी उणीव आहे.

पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे साध्या नोकरदारालाही शहराच्या मध्यभागी राहणे परवडले आणि एकाच मजल्यावर तीन-तीन पिढ्या एकमेकांच्या ओळखीत वाढल्या. मात्र तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती होईना. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ स्थापन झाले आणि धोकादायक इमारतींतील भाडेकरूंना संक्रमण शिबिरांत हलवण्याची पद्धत रूढ झाली. ही शिबिरे बहुधा उपनगरांत होती. एका मजल्यावरची बिऱ्हाडे त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी पांगली आणि काही कुटुंबांचे परतणे कित्येक वर्षे लांबले. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप फसल्यावर अनेकांनी गाव गाठले, त्यांच्यावर चालणाऱ्या खानावळी ओस पडल्या आणि गावकऱ्यांच्या खोल्यांतली गर्दीही ओसरत गेली.

सध्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करीत आहे आणि पात्र रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर मिळते. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. स्वतःचे शौचालय आणि स्वतंत्र स्वयंपाकघर यांसाठी या कुटुंबांनी, विशेषतः स्त्रियांनी, फार वाट पाहिली आहे, म्हणून जुनी चाळच बरी होती असे कोणी म्हणू नये. मात्र कोणाला कोणते घर हे संगणकीय सोडतीने ठरते आणि त्यात भिंतीला भिंत लागून राहिलेली घरे वेगळ्या मजल्यांवर जाऊ शकतात. शेजारी गट करून एकत्र सोडतीत जाण्याची सोय अशा योजनांत सुरुवातीपासून असावी, असे मला मनापासून वाटते. तोवर जुने नाते जपण्याचे काम मंडळांकडेच आहे: डोंबिवली, विरार, बदलापूर येथे स्थायिक झालेली कितीतरी कुटुंबे आजही गणपतीत मूळ चाळीत येतात, आरतीला थांबतात आणि वर्गणीची पावती तिथेच फाडतात.